तुमचे प्रश्न: ५.१ चा आवाज, बिटरेट आणि फाइल लहान करायची घाई

मागच्या अंकात व्हिडिओ एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबायची एक पद्धत) कसा लहान करायचा ते लिहिलं होतं, त्यावर जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त व्हिडिओवर नाहीतच, आवाजावर आहेत. म्हणून या वेळी सगळी जागा आवाजाला. ५.१ म्हणजे सहा चॅनेलचा आवाज, पुढे तीन, मागे दोन आणि खालच्या दणक्यासाठी एक सबवूफर. प्रश्न थोडे कापलेत, सांभाळून घ्या.

तासगावहून एक वाचक: नमस्कार दादा. २००९ मध्ये बाबांनी हार्ड डिस्कवाला कॅमकॉर्डर घेतला होता. त्यावर गणपतीचा रथोत्सव, ताईचं लग्न, बागेतली छाटणी असं मिळून ४० तासांचं शूटिंग पडून आहे. मीडियाइन्फोमध्ये (फाइलची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बघितलं तर आवाज एसी-३, ६ चॅनेल, ४४८ केबीपीएस दाखवतोय. आता हँडब्रेकने सगळं लहान करून ठेवायचंय. एक मित्र म्हणतो आवाज ६४० वर ठेव, दुसरा म्हणतो डीटीएस १५०९ कर म्हणजे थिएटरसारखा येईल. कुणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकू नका, आहे तो ४४८ चा ट्रॅक जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवा. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये कोडेकच्या, म्हणजे आवाज दाबायच्या पद्धतीच्या, जागी 'एसी-३ पासथ्रू' असा पर्याय आहे तो निवडायचा, एफएफएमपेग (कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ऑडिओ कोडेकला 'कॉपी' सांगायचं. झालं.

आता का ते सांगतो, कारण हा गैरसमज सगळीकडे आहे. केबीपीएस म्हणजे एका सेकंदाच्या आवाजासाठी किती हजार बिट खर्च केले तो आकडा. एसी-३, डीटीएस, एएसी हे सगळे प्रकार आवाज लहान करताना त्यातला काही भाग टाकून देतात, मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही हे धरून. तुमच्या कॅमेऱ्याने २००९ मध्ये शूटिंग करतानाच जे टाकायचं ते टाकलंय. आता तुम्ही ते ६४० ला किंवा १५०९ ला करायला गेलात की सॉफ्टवेअर आधी तो ट्रॅक उलगडणार, मग नव्याने दाबणार, आणि दाबताना परत एकदा काहीतरी टाकून देणार. आकडा वाढला, आवाज मात्र होता त्यापेक्षा बारीकसा खालीच गेला. तुम्ही तासगावचे, तुम्हाला बेदाण्याचं उदाहरण पटेल, बेदाणा रात्रभर पाण्यात ठेवला तर फुगतो, वजन वाढतं, पण त्याचं द्राक्ष होत नाही.

६४० हा आकडा आला कुठून ते पण सांगतो. एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटल, त्याची ही वरची मर्यादा आहे. डीव्हीडीवर तो ४४८ पर्यंतच जायचा, ब्लू-रेवर ६४० पर्यंत गेला. डीटीएसचा १५०९ हा तसाच वरचा आकडा. हे आकडे कामाचे कधी, तर तुमच्याकडे मूळ आवाज बिनदाबाचा असेल आणि तुम्ही पहिल्यांदाच दाबत असाल तेव्हा. दाबलेल्याला परत दाबताना नाही.

पण खरी भीती मला ६४० ची वाटत नाही. खरी भीती हँडब्रेकच्या प्रीसेटची, म्हणजे तयार सेटिंगची वाटते. नेहमीचा 'फास्ट १०८०पी' प्रीसेट लावला आणि स्टार्ट दाबलं की तुमचे ६ चॅनेल गुपचूप २ होतात, एएसी स्टिरिओ. चित्र छान दिसतं म्हणून कुणी बघत नाही, आणि मग मूळ फाइल डिलीट. मी स्वतः हे केलंय. २०१२ च्या आसपास घरातले सगळे व्हिडिओ १२८ केबीपीएस स्टिरिओ करून ठेवले आणि मूळ फाइली उडवल्या, तेव्हा डिस्क महाग वाटायची. त्यात आजीच्या घरची एक संध्याकाळ होती, पुढे आजी ओव्या म्हणतेय, मागे परसात पाऊस आणि गोठ्यातली घंटा. कॅमेऱ्याने ते मागचं मागच्या चॅनेलमध्ये वेगळं धरलं होतं. आता सगळं एकाच भांड्यात ओतल्यासारखं झालंय, पाऊस आजीच्या आवाजावर पडतो. ते मला अजून लागतं, म्हणून एवढं लांबण लावून सांगतोय.

तुमच्या रथोत्सवाचं तर असंच असणार. ऋषिपंचमीला रथ निघतो तेव्हा कॅमेरा घेऊन माणूस गर्दीच्या मधोमध असतो, पुढून दोर ओढणाऱ्यांचा आवाज, मागून आणि बाजूने 'मोरया'. तो चारी बाजूंचा आवाज परत शूट करता येणार नाही.

आणि वाचतं किती ते बघा. ४४८ चा ट्रॅक तासाला साधारण २०२ एमबी. स्टिरिओ १९२ केला तर ८६ एमबी. तासाला ११५ एमबी वाचले, ४० तासांचे मिळून साडेचार जीबीच्या आसपास. मूळ व्हिडिओ १७ एमबीपीएस धरला तर तासाला साडेसात जीबीच्या वर जातो, तो एच.२६५ ने ५ एमबीपीएस केला तर सव्वादोन जीबी. म्हणजे व्हिडिओतच तुमचे ४० तासांचे २०० जीबीच्या वर वाचतायत, आवाजातले साडेचार कशाला मागताय?

फक्त एक करा, मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी त्याच फाइलमध्ये दुसरा ट्रॅक एएसी स्टिरिओ १६० चा टाका, कारण काही फोनला एसी-३ कळत नाही. हँडब्रेकमध्ये एकाच मूळ ट्रॅकवरून दोन ट्रॅक बनवता येतात. आधी ५ मिनिटांचा तुकडा करून मीडियाइन्फोमध्ये ६ चॅनेल दिसतायत का बघा, मगच रात्रभर लावा. आणि जमलं तर मूळ फाइली पण ठेवा, एक डिस्क घरी आणि एक दुसऱ्या गावी कुणाकडे तरी. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीत किती घरांतल्या लग्नाच्या कॅसेटी आणि सीड्या तळमजल्यावर भिजून गेल्या ते बघितलंय.

कुपवाडहून एक वाचक: सर, माझ्या संगणकावर जी फाइल मस्त चालते तीच पेनड्राइव्हने टीव्हीला लावली की चित्र येतं, आवाजच नाही. टीव्ही नवा आहे, दुकानदार म्हणतो फाइल खराब आहे.

फाइल खराब नसावी. मीडियाइन्फोमध्ये ऑडिओपुढे डीटीएस लिहिलंय का बघा, बहुतेक तेच असणार. गेल्या काही वर्षांत बऱ्याच टीव्हीवाल्यांनी डीटीएसचा डिकोडर, म्हणजे तो आवाज उलगडणारा भाग, काढून टाकलाय, त्यामुळे टीव्ही चित्र दाखवतो आणि आवाजाच्या जागी गप्प बसतो. संगणकावरच्या प्लेअरला सगळं येतं म्हणून तिकडे चालतं.

यासाठी आख्खा व्हिडिओ परत एन्कोड करू नका, म्हणजे उलगडून नव्याने दाबू नका, तासन्तास जातील आणि चित्रही उतरेल. एफएफएमपेगमध्ये व्हिडिओला 'कॉपी' आणि फक्त आवाजाला एसी-३, ६४० असं सांगायचं, दोन-अडीच तासांची फाइल काही मिनिटांत होते. हो, इथे मी ६४० म्हणतोय आणि वर तासगावकरांना नको म्हणालो, कारण तिथे बदलायची गरजच नव्हती, इथे टीव्हीला कळावं म्हणून बदलावंच लागतंय, मग बदलताना जागेचा कंजूसपणा कशाला. तासाला २८८ एमबी, डीटीएस १५०९ चे ६७९ एमबी होतात. माझ्या कानाला तरी या दोन्हीत फरक सापडलेला नाही, आणि मी बऱ्याचदा आळीपाळीने लावून बघितलंय.

जागा असेल तर जुना डीटीएस ट्रॅक पण दुसऱ्या नंबरवर राहू द्या, एमकेव्ही फाइलमध्ये दोन्ही मावतात. एसी-३ पहिला आणि डिफॉल्ट ठेवायचा म्हणजे टीव्ही तोच उचलेल.

विश्रामबागहून एक वाचक: एएसी ५.१, ३८४ केबीपीएस असा ट्रॅक केलाय. टीव्हीला होम थिएटर ऑप्टिकल केबलने जोडलंय. मागचे स्पीकर बंदच. केबल बदलून बघितली, दोनदा.

केबलचा दोष नाही. ऑप्टिकलमधून दोनच गोष्टी जातात, साधा दोन चॅनेलचा आवाज, नाहीतर डॉल्बी डिजिटल आणि डीटीएससारखा दाबलेला ५.१. एएसी आला की टीव्ही बहुतेक वेळा तो स्वतः उलगडतो आणि सहाचे दोन करून पुढे पाठवतो. एएसी तसा एसी-३ पेक्षा हुशार आहे, कमी बिटमध्ये चांगला आवाज देतो, पण तुमच्या जोडणीत त्या हुशारीचा उपयोग नाही. मूळ फाइल असेल तर तिच्यावरून एसी-३ ६४० करा, एएसी वरून नको. आणि ब्लू-रेवरचे काहीही टाकून न देता दाबलेले ट्रॅक, ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर, हे ऑप्टिकलमधून जातच नाहीत, त्याला एचडीएमआय लागतं, टीव्हीमधून परत ॲम्प्लिफायरला न्यायचं तर ईआर्कवाला पोर्ट दोन्हीकडे पाहिजे.

गावभागातून एक वाचक: आमच्या आईला कमी ऐकू येतं. ५.१ च्या फाइलमध्ये बोलणं हळू येतं म्हणून आवाज वाढवावा तर गाणं नाहीतर मारामारी आली की शेजारी खिडकी लावून घेतात. बिटरेट वाढवल्यावर बोलणं स्पष्ट होईल का?

नाही होणार, बिटरेटचा आणि याचा संबंध नाही. ५.१ मध्ये बोलणं जवळजवळ सगळं मधल्या, सेंटर चॅनेलमध्ये असतं. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नसणार, दोनच असणार, म्हणून टीव्ही सेंटरचा आवाज ३ डेसिबलने उतरवून दोन्हीकडे वाटतो, त्यात बाकीचे चॅनेल मिसळतो, आणि सगळं मिळून फाटू नये म्हणून परत एकंदर पातळी खाली घेतो. शिवाय सिनेमाचा आवाज बनवतानाच हळू आणि मोठ्या आवाजात खूप अंतर ठेवलेलं असतं, थिएटरच्या अंधारात ते छान वाटतं, घरात पंखा आणि कुकर चालू असताना नाही.

आधी टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमध्ये नाइट मोड शोधा, एसी-३ ट्रॅकसोबत आवाजाची चढउतार कमी करायची माहिती आतच असते, नाइट मोड ती वापरतो. एवढ्याने भागलं तर काहीच एन्कोड करायला नको. नाही भागलं तर आईंसाठी वेगळा स्टिरिओ ट्रॅक बनवा: एफएफएमपेगच्या पॅन फिल्टरमध्ये सेंटर पूर्ण १ ठेवायचा, पुढचे डावा-उजवा ०.५ ते ०.६, मागचे ०.३, सबवूफर शून्य. एवढी बेरीज मिळून १ च्या वर जाते, म्हणून शेवटी पातळी थोडी उतरवायची नाहीतर आवाज फाटेल. एएसी १९२ पुरे. ट्रॅकला 'आईसाठी' असं नाव दिलं तर रिमोटने ट्रॅक बदलताना टीव्हीवर बहुधा तेच नाव दिसतं, आमच्याकडे वडिलांसाठी केलेल्या ट्रॅकला मी तसंच नाव दिलंय आणि ते स्वतः निवडतात आता.

मिरजेहून एक वाचक: दादा, मी रेकॉर्डिंग शिकतोय. ओळखीच्या एका बैठकीचं ६ ट्रॅकवर रेकॉर्डिंग केलं, पुढे तीन माइक, मागे दोन. सॉफ्टवेअरमधून ६ वेगळ्या मोनो फाइली काढल्या, जोडून ५.१ केलं, एसी-३ ३८४. वाजवलं तर गायिका उजवीकडून गातायत आणि टाळ्या सबवूफरमधून गुरगुरतायत! शिवाय तानपुऱ्याचा झंकार मिंधा वाटतो. बिटरेट कमी पडला का?

तुमच्या पत्राने फार आनंद झाला, कारण मिरजेत बसून कुणीतरी तानपुऱ्याचा आवाज चारी बाजूंनी धरायचा प्रयत्न करतंय. दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात, एकेक घेऊ.

पहिली गोष्ट चॅनेलच्या क्रमाची. सिनेमाच्या पद्धतीत क्रम असतो डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, सबवूफर. वेव्ह फाइलचा आणि एफएफएमपेगचा क्रम असतो डावा, उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. तुम्ही पहिल्या क्रमाने फाइली काढल्या आणि दुसऱ्या क्रमाच्या भांड्यात ओतल्या. त्यामुळे मधल्या माइकवरच्या गायिका उजव्या स्पीकरवर गेल्या, मागच्या डाव्या माइकवरच्या टाळ्या चौथ्या जागेवर, म्हणजे सबवूफरवर. तुम्ही सांगितलेली लक्षणं इतकी चपखल आहेत की दुसरं काही कारण असूच शकत नाही. फाइली जोडताना क्रम बदला, काम झालं.

पुढच्या वेळेसाठी, बैठकीआधी ६ ट्रॅकवर प्रत्येकी ५ सेकंद तुमच्याच आवाजात 'डावा', 'मधला', 'उजवा' असं बोलून ठेवा, एन्कोड झालं की आधी तेवढंच वाजवा. ज्या स्पीकरमधून 'मधला' ऐकू येतो तो मधला आहे का एवढं बघायचं.

आता झंकार. इथे मात्र बिटरेटचा हात आहे आणि तुमचा कान बरोबर आहे. तानपुऱ्याची जान जवारीत असते, घोडीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये तो दोरा बसवला की एका सुरातून वरचे कितीतरी सूर उमलत राहतात, ते बारीक, वरच्या पट्टीतले आणि सतत बदलणारे. नेमका हाच भाग एसी-३ ला कमी बिटरेटवर जड जातो. बिट कमी पडले की तो वरच्या फ्रिक्वेन्सी प्रत्येक चॅनेलच्या वेगळ्या न ठेवता एकत्र करून ठेवतो आणि कुठल्या चॅनेलला किती जोर एवढीच नोंद करतो. बोलण्याला, मारामारीला हे चालून जातं, कळत पण नाही. तानपुऱ्याला नाही चालत, झंकार खोलीभर पसरायच्या ऐवजी एका जागी गोळा होतो. तुम्ही त्याला मिंधा म्हणालात, मी यापेक्षा चांगला शब्द दिला नसता.

६४० वर करून बघा, फरक ऐकू येईल. पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. तुमच्याकडे मूळ बिनदाबाचं रेकॉर्डिंग आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे, वर तासगावच्या वाचकाकडे ती नव्हती. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ६ चॅनेल म्हणजे सेकंदाला ६९१२ किलोबिट, तासाला तीन जीबीच्या थोडं वर. हे फ्लॅकमध्ये ठेवा, फ्लॅक ८ चॅनेलपर्यंत घेतो, एकही बिट न टाकता फाइल बरीच लहान होते. ती तुमची मूळ प्रत. वाजवायला, वाटायला तिच्यावरून एसी-३ ६४० करा, उद्या दुसरं काही आलं तर परत त्याच मूळ प्रतीवरून करा. मूळ प्रत हाताशी असताना दाबलेल्यावरून दाबलेलं कधीच करू नका.

सबवूफरच्या चॅनेलबद्दल पण एक सांगतो, न विचारता. तो १२० हर्ट्झच्या खालच्या दणक्यासाठी असतो, सिनेमातल्या स्फोटासाठी वगैरे. बैठकीला तो रिकामा ठेवला तरी काही बिघडत नाही, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा मुख्य चॅनेलमध्येच राहू द्या, ॲम्प्लिफायर लागेल तसा तो सबवूफरकडे वळवतो. आणि ऐकताना मागचे स्पीकर अगदी पाठीमागे ठेवू नका, कानाच्या रेषेपासून जरा मागे, समोरून मोजलं तर ११० अंशांच्या आसपास. सतारमेकर गल्लीत एकदा दारं उघडी असताना उभे राहा, जुळवाजुळव चालू असते तेव्हा आवाज नेमका असाच येतो, थोडा बाजूने थोडा मागून, तो कानात धरून मग मागच्या चॅनेलची पातळी ठरवा.

विट्याहून एक वाचक: आजोबांच्या जुन्या भजनाच्या कॅसेटी संगणकावर घेतल्यात, स्टिरिओ. त्याचं ५.१ करून ६४० ला ठेवलं तर?

नका करू. जे दोनच चॅनेलमध्ये आहे त्याचे सहा केले तर सॉफ्टवेअर अंदाजाने मागे काहीतरी ढकलतं, आणि तो अंदाज तुमच्या फाइलमध्ये कायमचा बसतो. स्टिरिओच फ्लॅकमध्ये ठेवा. सगळे स्पीकर वाजावेत असं वाटलं तर ॲम्प्लिफायरवर सराउंडचं बटण असतं, ऐकताना दाबा, नको वाटलं की काढा, फाइलला हात लागत नाही. आणि कॅसेटची फुसफुस काढायचा फिल्टर मूळ प्रतीवर लावू नका, आजोबांच्या टाळाचा आवाज त्याच पट्टीत असतो, फुसफुशीबरोबर तोही जातो.